खोलीचा रंग निवडताना

दसरा-दिवाळी जवळ आली की जालन्याच्या बाजारात रंगांच्या दुकानांपुढे गर्दी दिसू लागते. दुकानदार काउंटरवर शेड कार्ड उघडून ठेवतो. बोटाच्या पेराएवढ्या शेकडो चौकोनांतून एक चौकोन निवडायचा आणि पुढची पाच-सात वर्षे तो चार भिंतींवर पाहत राहायचे, असा हा व्यवहार असतो. पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. भिंतीला चुना, खाली गेरूचा पट्टा, फार तर चुन्यात चिमूटभर नीळ, एवढेच पर्याय असत. आता पर्याय वाढले आहेत आणि घरातली मुलेही ‘माझी खोली’, निदान ‘माझा कोपरा’, माझ्या आवडीचा हवा असे म्हणू लागली आहेत. ही मागणी मला रास्त वाटते. आपण जिथे वाचतो, झोपतो, भांडतो आणि स्वप्ने पाहतो ती जागा आपल्यासारखी दिसावी, असे वाटण्यात गैर काय आहे?

अडचण पुढे येते. रंग आपण आवडीने निवडतो, पण भिंतीवर चढल्यावर तो प्रकाशाच्या नियमांनी वागतो. हे नियम तुमच्या शालेय पुस्तकातलेच आहेत. परावर्तन, शोषण, विकिरण हे शब्द तुम्ही परीक्षेत लिहिलेले असतील. घराच्या भिंतीशी त्यांचा काय संबंध, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

चुना वाळल्यावरच पांढरा का होतो?

आधी जुन्या भिंतीपासून सुरुवात करू. चुना लावताना तुम्ही पाहिले असेल की कुंचा फिरवल्याबरोबर भिंत पांढरी दिसत नाही. ओला हात मळकट आणि अर्धपारदर्शक दिसतो; खालचे जुने डाग त्यातून डोकावतात. नवशिक्याला वाटते, चुना पातळ झाला, आणि तो कालवण आणखी घट्ट करतो. (घट्ट चुन्याचे पुढे पोपडे निघतात, हा भाग वेगळा.) काही तासांनी हात वाळला की तीच भिंत लख्ख पांढरी होते. असे का व्हावे?

चुन्याचे कण स्वतः पारदर्शकच असतात. साखरेचा एक मोठा खडा काचेसारखा दिसतो आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र दिसते, तसाच हा प्रकार. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरतो तेव्हा सीमेवर त्याचा थोडा भाग मागे परततो. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितका फरक जास्त, तितका हा परतीचा भाग जास्त. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक सुमारे १.६, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३ आहे. कणांभोवती हवा असेल तर प्रत्येक सीमेवर साधारण ५ टक्के प्रकाश परततो. कणांभोवती पाणी असेल तर जेमतेम १ टक्का. ओल्या चुन्यात कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, म्हणून प्रकाश आरपार जाऊन खालची भिंत दाखवतो. पाणी उडून गेले, त्या जागी हवा आली, की हजारो सीमांवर प्रकाश परतू लागतो, सर्व दिशांना विखुरला जातो आणि भिंत पांढरी दिसते. पावसाची सर पडताच रानातली काळी माती अधिक काळी का दिसते, याचेही उत्तर यातच आहे. तिथे फटींत हवेऐवजी पाणी शिरते, प्रकाश मातीत खोलवर जातो आणि शोषला जातो.

वाळणे संपले तरी चुन्याचे काम संपत नाही. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळल्यासारखा फसफसतो आणि चांगलाच तापतो. त्याचे थेंब डोळ्यांत उडाले तर कायमची इजा होऊ शकते, म्हणून हे काम मोठ्या माणसांनीच करावे. अशा रीतीने तयार झालेला कॅल्शियम हायड्रॉक्साइड भिंतीवर बसला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनते. भट्टीत जाण्यापूर्वी चुनखडी जी होती, तीच पातळ थराच्या रूपाने भिंतीवर परत तयार होते.

चुन्यात नीळ का घालतात, हेही येथेच पाहू. साधा चुना किंचित पिवळसर असतो. नीळ पिवळा प्रकाश थोडा शोषून घेते, त्यामुळे वर्णपटातील निरनिराळ्या रंगांचे प्रमाण सारखे होते आणि डोळ्याला भिंत अधिक पांढरी वाटते. खरे तर नीळ घातलेली भिंत साध्या चुन्यापेक्षा थोडा कमीच प्रकाश परत देते! ‘पांढरे’ म्हणजे ‘जास्तीत जास्त उजळ’ असे आपल्या डोळ्याचे गणित नसते.

गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. पिवडीचा पिवळाही लोखंडाचाच, त्यात फक्त पाण्याचा अंश असतो. पिवडी भाजली की पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. ही मातीतली रंगद्रव्ये चुन्याच्या दाहक क्षारतेत टिकून राहतात, म्हणून ती चुन्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. आपल्या शेजारीच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रेही बव्हंशी अशाच द्रव्यांनी रंगवलेली आहेत. लाल आणि पिवळी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. निळा मात्र बाहेरून आणावा लागला. तो राजावर्त या मौल्यवान खड्याचा, आणि तो खडा येत असे अफगाणिस्तानच्या बाजूने. आज आपण जी नीळ स्वस्तात विकत घेतो, ती त्याच खड्यातील रंगद्रव्याची कृत्रिम आवृत्ती होय; एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती युरोपात कारखान्यात तयार होऊ लागली.

घर सजवण्याची हौस आपल्या भागाला नवी नाही, याचा आणखी एक पुरावा सांगण्याचा मोह आवरत नाही. जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; तेथील एका घरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे की पाँपेईची मूर्तीही भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. ती मूर्ती म्हणजे आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणा रोमन गृहस्थाला आपले घर इतरांपेक्षा निराळे दिसावे असे वाटले, आणि त्यासाठी त्याने वस्तू आणली ती कदाचित आपल्या जिल्ह्यातून.

भिंत हीसुद्धा दिवाच

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, खोलीत एक दिवा आहे आणि त्यातून १०० भाग प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश भिंतींवर, छतावर, जमिनीवर आदळतो. सर्व पृष्ठभाग ताज्या चुन्याचे असून ते ८० टक्के प्रकाश परत पाठवतात असे धरू. तर पहिल्या खेपेला १०० भाग आदळतात, दुसऱ्या खेपेला ८०, तिसऱ्या खेपेला ६४, मग ५१.२, आणि असेच पुढे. ही भूमिती श्रेढी आहे. तिची अनंत पदांची बेरीज १०० भागिले (१ वजा ०.८), म्हणजे ५०० भरते. दिवा १०० भागांचा, आणि पृष्ठभागांवर पडणारा एकूण प्रकाश ५०० भागांचा!

मग हा ४०० भाग जादा प्रकाश आला कुठून? ऊर्जा निर्माण होत नाही हा नियम मोडला की काय? नाही. शोषल्या गेलेल्या प्रकाशाची बेरीज करून पाहा. पहिल्या खेपेला २० भाग, दुसऱ्या खेपेला १६, मग १२.८... ही बेरीज बरोबर १०० येते. दिव्याने दिले तेवढेच भिंतींनी शेवटी गिळले. फरक इतकाच की गिळला जाण्यापूर्वी तोच प्रकाश खोलीत अनेक वेळा फिरला आणि प्रत्येक फेरीत आपल्या उपयोगी पडला.

याच दिव्याखाली सर्व पृष्ठभाग ५० टक्के परत देणारे असतील तर एकूण भरते २००. गडद जांभळा, गडद निळा किंवा तपकिरी रंग असून पृष्ठभाग २० टक्केच परत देत असतील तर केवळ १२५. प्रत्यक्ष खोली अशी बंद पेटी नसते. तिला खिडकी असते, दार असते, करड्या शहाबादी फरशीची जमीन असते, कपाट असते. त्यामुळे खरे आकडे याहून कमी येतील. पण तुलना खरी राहते.

मंठा तालुक्यातील एका खेड्यातून महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने हा हिशेब वर्गात ऐकून घरचा वाद सांगितला. घरात दोनच खोल्या. बहीण दहावीला. आतल्या खोलीला रंग द्यायचा ठरल्यावर तिला हवा होता गडद जांभळा. वडील म्हणत होते, पांढरा सोडून दुसरा लावायचा नाही. “सर, आप्पा म्हणतात खोलीत अंधार होईल, आणि ती म्हणते, दिवा आहे ना. मग खरं कोणाचं?” आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. खोली घनाकृती धरली तर तिला सहा पृष्ठभाग. सगळे ८० टक्क्यांचे असतील तर वरचेच ५०० भाग. त्यांतील एक भिंत २० टक्क्यांची केली तर सरासरी येते ७० टक्के, आणि एकूण प्रकाश ३३३. म्हणजे फक्त एका गडद भिंतीने खोलीतला एक तृतीयांश प्रकाश खाल्ला. चारही भिंती गडद आणि फक्त छत-जमीन पांढरी ठेवली तर सरासरी ४० टक्के, आणि प्रकाश १६७. आप्पांचे म्हणणे खरे होते. बहिणीचेही थोडे खरे होते, कारण टेबलावर, अगदी वहीच्या वर, दिवा असेल तर वहीवर थेट प्रकाश पुरेसा पडतो. मात्र उजळ वही आणि भोवती अंधारी भिंत यांत नजर फिरली की डोळ्याला दर वेळी जुळवून घ्यावे लागते, आणि तासा-दोन तासांच्या वाचनाने ते थकतात.

त्या घरी शेवटी खोलीला फिक्कट रंग दिला गेला आणि जाड भिंतीतल्या दोन कोनाड्यांना आतून जांभळा. कोनाड्याचे क्षेत्रफळ भिंतीच्या मानाने इतके अल्प की प्रकाशाच्या हिशेबात ते दिसतही नाही. डोळ्याला मात्र खोलीत शिरताच तेच पहिले दिसतात. बहीण यावर पूर्ण खूश नव्हती, असे त्याने नंतर सांगितले. तिला भिंतच हवी होती.

कोनाड्यावरून आठवले. पूर्वी ज्या कोनाड्यात दिवा ठेवीत त्याला आतून चुना दिलेला असला तर दिव्याचा मागे आणि बाजूला जाणारा प्रकाश पुढे ढकलला जाई. मोटारीच्या दिव्यातील परावर्तकाचे काम चुन्याचा हात करीत असे. काजळी धरली की मात्र हा फायदा संपे.

गडद रंग एका भिंतीला लावायचाच असेल तर कोणत्या भिंतीला? खिडकी ज्या भिंतीत आहे तिला लावू नये. त्या भिंतीकडे पाहताना खिडकीतले आकाश प्रखर असते आणि शेजारची भिंत आधीच अंधारी दिसते. गडद रंगाने हा विरोध वाढतो आणि डोळे दिपतात. खिडकीची भिंत आणि विशेषतः खिडकीच्या आतल्या कडा सर्वांत उजळ ठेवाव्यात. खिडकीच्या समोरची भिंत बाहेरून आलेला प्रकाश खोलीत पुन्हा फेकते, तीही उजळच हवी. उरतात बाजूच्या दोन. त्यांतली एक तुमची.

शेड कार्ड का फसवते?

‘कार्डावर फिक्कट होता हो, भिंतीवर एवढा गडद कसा झाला?’ अशी तक्रार रंगाच्या दुकानात नेहमी ऐकू येते. दुकानदारावर संशय घेतला जातो. पुष्कळदा त्याचा काही दोष नसतो.

समजा, तुम्ही फिक्कट गुलाबी रंग निवडला. तो तांबड्या प्रकाशाचा ९० टक्के भाग परत देतो आणि निळ्याचा ७० टक्के. कार्डावरून प्रकाश एकदाच परतून डोळ्यात येतो, तेव्हा तांबडा आणि निळा यांचे प्रमाण ९ : ७ असते. हा फरक थोडा, म्हणून रंग फिक्कट. आता हाच रंग चारही भिंतींना आणि छताला दिला. दोनदा परतलेल्या प्रकाशात तांबडा ०.८१ आणि निळा ०.४९ उरला. तीनदा परतलेल्यात ०.७२९ आणि ०.३४३. प्रत्येक फेरीला निळा मागे पडत जातो. बंद खोलीत सर्व फेऱ्यांची बेरीज केली तर तांबड्याची ०.९ भागिले ०.१, म्हणजे ९ येते, निळ्याची ०.७ भागिले ०.३, म्हणजे २.३३. प्रमाण झाले २७ : ७! रंग डब्यात बदलला नाही, तो खोलीत घट्ट झाला.

हे खरे आहे की नाही हे पाहायचे असेल तर कोणत्याही रंगीत खोलीचा कोपरा नीट न्याहाळा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे एकीचा प्रकाश दुसरीवर जवळून पडत असतो, त्यामुळे कोपऱ्यात रंग भिंतीच्या मध्यापेक्षा गहिरा दिसतो. रंगारी नमुना दाखवताना भिंतीच्या मधोमध हातभर पट्टा ओढतो. तो कोपऱ्यात, दोन्ही भिंतींवर ओढून मागा. आणि मनातल्या छटेपेक्षा कार्डावरची एक पायरी फिक्कट छटा घ्या.

त्या खोलीत राहणाऱ्याला काही दिवसांनी रंग तितका जाणवेनासा होतो, हेही खरे. मेंदू खोलीतल्या एकूण प्रकाशाचा रंग वजा करून वस्तू ओळखायला शिकलेला असतो. पण तेथे बसून चित्रात रंग भरले आणि ते चित्र उन्हात नेले की चूक दिसते. चित्रकलेची आवड असणाऱ्यांनी आपली बसण्याची जागा पांढरी किंवा करडी ठेवावी, हा सल्ला यासाठी.

दिवा कोणता?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या रोलिंग मिल आहेत. भट्टीतून बाहेर आलेला लोखंडाचा ठोकळा ११००-१२०० अंश सेल्सिअसला पिवळट नारिंगी दिसतो, आणि सळई होऊन निवत जाताना लाल, मग काळसर लाल होतो. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा रंग तिच्या तापमानावर ठरतो, हे भौतिकशास्त्राचे महत्त्वाचे सत्य येथे उघड्या डोळ्यांनी दिसते. जुन्या पिवळ्या बल्बमधली तार सुमारे २७०० केल्विनपर्यंत तापे, म्हणजे या ठोकळ्यापेक्षा पुष्कळ अधिक. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विनचा. बल्बच्या प्रकाशात म्हणून तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा अल्प असतो. जी वस्तू निळा परत देण्यासाठी रंगवलेली आहे, तिला परत द्यायला निळा मिळतच नाही, आणि आकाशी भिंत रात्री राखाडी, मरगळलेली दिसते.

आज बहुतेक घरांत एलईडी दिवे आहेत. त्यांच्यात तापलेली तार नसते. निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकावर पिवळ्या प्रतिदीप्त पदार्थाचा थर असतो आणि दोहोंचे मिश्रण आपल्याला पांढरे वाटते. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दिव्याच्या खोक्यावर २७००, ४००० किंवा ६५०० केल्विन असे आकडे छापलेले असतात. तो दिवा खरोखर तेवढा तापत नाही. तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या प्रकाशासारखा त्याचा प्रकाश दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. ६५०० चा दिवा पांढरा-निळसर, २७०० चा पिवळसर.

साडी घेताना अनुभवी बाई दुकानातून साडी दारापाशी नेऊन उन्हात पाहते. तिचे शास्त्र अगदी बरोबर आहे. दोन कापडे एका दिव्याखाली तंतोतंत सारखी आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळी दिसू शकतात, कारण डोळा संपूर्ण वर्णपट मोजत नाही. तो तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या संवेदनांवरून अंदाज करतो. साडीच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो ती भिंतीच्या बाबतीत घेत नाही. कार्ड घरी आणून सकाळी, दुपारी आणि रात्री स्वतःच्या दिव्याखाली पाहावे.

रंगावरून स्वभाव ओळखता येतो का?

निळा शांत माणसाचा, लाल तापट माणसाचा, पिवळा बुद्धिमानाचा, अशी कोष्टके तुम्ही वाचली असतील. ती भविष्याच्या सदरात शोभतील. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिल्यावर कैदी शांत झाले, असा दावा करण्यात आला होता. अनेक तुरुंगांनी त्याचे अनुकरण केले. पुढे अधिक काटेकोर प्रयोग झाले तेव्हा तो परिणाम आढळला नाही. एखादा रंग आपल्याला का आवडतो यामागे लहानपणचे अंगण, आजीचे लुगडे, शाळेचा गणवेश असे काहीही असू शकते. ती आवड खरीच असते, पण तिचे कोष्टक होत नाही.

खोलीवरून माणूस मुळीच कळत नाही, असे मात्र नाही. सॅम गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ९४ कार्यालयीन जागा आणि ८३ निजायच्या खोल्या परक्या निरीक्षकांना दाखवल्या आणि तिथे राहणाऱ्याच्या स्वभावाविषयी अंदाज करायला सांगितले. काही बाबतींत, विशेषतः नव्या गोष्टींविषयी त्या माणसाला किती कुतूहल आहे याबाबत, अंदाज बरेच जुळले. निरीक्षकांना सुगावा लागला तो तेथे काय ठेवले आहे यावरून: पुस्तके किती तऱ्हांची आहेत, वस्तू कशा लावल्या आहेत. आपण जे करतो त्याच्या खुणा खोलीत उरतात.

आपल्या भागातल्या मुलांना अशा खुणांसाठी बाजारात जावे लागत नाही. विहिरीच्या खोदकामात निघालेल्या दगडांच्या ढिगात पाहा. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक आणि गारगोटीचे थर दडलेले असतात. फुटलेला एखादा चांगला तुकडा खिडकीच्या कडेवर, जिथे प्रकाश तिरपा पडतो तिथे ठेवला तर त्याचे पैलू चमकतात. असाच तुकडा दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

छप्पर आणि जुना रंग

खोलीच्या आतला रंग तुमच्या मर्जीचा; छपराचा मात्र सूर्याशी विचारविनिमय करून ठरवावा. जालना सुमारे १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी छताच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. वीस चौरस मीटर छतावर २० किलोवॉट झाले. साधे काँक्रीट यातले सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे १३ किलोवॉट शोषते. ताजा चुना दिलेला असेल तर ५ च्या आसपास. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, तरीही तो भाजतो, कारण शोषलेली उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकण्यात तो कच्चा असतो. चुना याही कामात चांगला. म्हणून पत्र्यालाही पांढरा रंग फायद्याचा, पण धुळीने तो मळतो आणि पावसाने धुपतो. दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. जुनी माळवदे मातीच्या जाड थरामुळे थंड राहत. मात्र तेच वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो लोकांच्या अंगावर आले, हे थंडाव्याचे कौतुक करताना विसरता येत नाही.

जुन्या दारे-खिडक्यांबाबत एक सूचना. पूर्वीच्या पिवळ्या, हिरव्या, लाल ऑइलपेंटमध्ये पुष्कळदा शिशाची संयुगे असत. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली गेली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नये. उडणारी पूड श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही अपाय करते. लाकूड ओले करून घासावे, पूड ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि काम चालू असताना रांगत्या मुलांना दुसरीकडे ठेवावे.

करून पाहा

बुटांची तीन सारखी खोकी घ्या. एकाला आतून सगळीकडे पांढरा कागद चिकटवा, दुसऱ्याला फिक्कट गुलाबी, तिसऱ्याला काळा. झाकणालाही आतून तोच कागद लावा. प्रत्येक खोक्याच्या एका अरुंद बाजूला दोन लहान भोके पाडा, एक विजेरीसाठी आणि एक डोळ्यासाठी. समोरच्या बाजूला पांढऱ्या पोस्टकार्डाचा तुकडा लावा, पण विजेरीचा झोत थेट त्यावर न पडता बाजूच्या भिंतीवर पडेल अशी ती तिरकी धरा. तिन्ही खोक्यांत एकाच विजेरीने पाहा. काळ्या खोक्यात कार्ड शोधावे लागेल. गुलाबी खोक्यात पांढरे कार्ड गुलाबी दिसेल, आणि त्याच गुलाबी कागदाचा उरलेला तुकडा बाहेर उन्हात धरला तर तो खोक्यातल्यापेक्षा बराच फिक्कट वाटेल. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारे ॲप असेल तर फोनचा संवेदक तिसऱ्या एका भोकाशी धरून आकडेही घेता येतील. मग पांढऱ्या खोक्याच्या एकाच भिंतीवर काळा कागद लावा आणि आकडा कितीने उतरतो ते वहीत लिहून ठेवा.